सात म्हशींच्या दोन करताना

मागं एकदा कसल्याशा सर्व्हेला एक बाई घरी आल्या होत्या. नाव, वय, शिक्षण विचारून झाल्यावर त्यांनी "काम?" म्हणून विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत 'घरकाम' असं लिहूनही टाकलं. त्या वेळी माझ्या डोक्यावर वैरणीचा भारा होता. भारा खाली टाकून मी म्हटलं, "बाई, घरात मी स्वैपाकापुरती असते. बाकीचा दिवस कुठं लिहिणार?" त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "त्याला रकाना नाही हो."

तो रकाना मी इथं भरते आहे.

मी शालन. लग्न होऊन वेदगंगेच्या काठच्या ह्या गावात आले त्याला चाळीस वर्षं होत आली. आमचा बाजार मुरगूडचा. माझे मालक तुकाराम. सगळा गाव त्यांना तात्या म्हणतो आणि लिहायला सोपं म्हणून मीही तेच लिहिते. तोंडावर मात्र आजवर मी त्यांना कशानंच हाक मारलेली नाही. एकुलती लेक रेखा कोल्हापुरात शिवाजी पेठेत दिलेली, एका दवाखान्यात नर्स आहे. घरात आम्ही दोघंच.

दोघंच असलो तरी शेती पाच माणसांची होती. स्वतःचं तीन एकर: विहिरीजवळचं वरचं रान एक एकर, नदीच्या अंगाचं खालचं रान दोन एकर. त्या तिन्हीत ऊस. शिवाय दोन एकर वाट्यानं केलेलं, ते देसाई मास्तरांचं. मास्तर नोकरीतून उतरून मुरगुडात राहतात. त्यांचं रान तात्यांच्या वडलांपासून आम्हीच करत आलेलो. तिथल्या धान्यातलं बहुतेक मास्तरांकडं जायचं आणि वैरण सगळी आमच्याकडं यायची. आणि गोठ्यात सात म्हशी.

ज्यांनी कधी म्हैस पाळलेली नाही त्यांना एक सांगते. म्हशीचं काम जड आहे हे सगळ्यांना दिसतं. जे दिसत नाही ते असं, की म्हैस ओळखीच्या हातालाच पान्हा सोडते. तुम्ही कितीही गोड बोला, नवा हात लागला की ती दूध वर चढवून बसते. म्हणून पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला तो ओळखीचा हात तिथं लागतोच. लेकीच्या लग्नानंतर आम्ही दोघं मिळून तिच्या घरी एकदाही मुक्कामाला गेलो नव्हतो. एक गेला की दुसरा धारेला.

हे सगळं असंच चाललं असतं, पण एका पावसाळ्यात तात्या ओल्या बांधावरून पडले. डोक्यावर भारा होता, तो सोडला असता तर कदाचित सावरले असते. सोडला नाही. खुब्याचं हाड मोडलं. कोल्हापुरात ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की तीन महिने ह्या पायावर भार टाकायचा नाही.

घरी आणल्यावर रेखानं मला बाजूला घेतलं. "आई, आता बास. म्हशी विका, रान कुणाला तरी द्या आणि आमच्याकडं या दोघंबी."

तात्यांना आतनं ऐकू गेलं. "काय विकायचं न्हाय," ते म्हणाले. "तीन महिन्यानं मी उभा ऱ्हातोय. तवर हाय तसं चालू दे."

दोघांच्या मध्ये मी उभी. लेक म्हणते सगळं सोडा, मालक म्हणतात काहीच सोडू नका. आणि ते चालू ठेवणार कोण, हे दोघांनीही मला विचारलं नाही.

"बघतो," मी म्हटलं. आमच्याकडं बायकासुद्धा 'बघतो', 'जातो' असंच म्हणतात. शहरातल्या लोकांना त्याचं हसू येतं.

पहिले आठ दिवस मी नुसती पळत होते. नवव्या दिवशी दुपारी मी मास्तरांच्या रानातून भारा घेऊन आले, गोठ्यात टाकला आणि मला आठवेना की ही आजची तिसरी खेप की चौथी. ते रान घरापासून लांब, जायला यायला पाऊण तास. मला दमल्याचा राग आला नाही, खरं सांगते. मला कुतूहल वाटलं. माझा दिवस जातो कुठं? दिवसातले इतके तास मी चालते, तर कशासाठी चालते?

चुलीतला एक कोळसा घेतला आणि गोठ्याच्या चुना लावलेल्या भिंतीवर चार रकाने पाडले. वरचं रान, खालचं रान, मास्तरांचं रान, गोठा. कुठंही एक खेप झाली की त्या रकान्यात एक रेघ. पंधरा दिवस मी हा उद्योग केला. शेजारची आनंदी दूध न्यायला यायची, ती भिंतीकडं बघून म्हणाली, "वैनी, पोरास्नी शिकवाय लागलासा काय?" मी म्हटलं, "न्हाय, मीच शिकतोय."

पंधरा दिवसांनी भिंत बघितली तर वरच्या रानाच्या रकान्यात मोजक्या रेघा. खालच्या रानात त्याहून थोड्या जास्त. मास्तरांचं रान आणि गोठा मात्र काळेकुट्ट भरून गेलेले. मी एक पोतं टाकून भिंतीसमोर बसले. मास्तरांच्या रानात मी का जाते? म्हशींची वैरण आणायला. गोठ्यात इतक्या म्हशी का? दूध तर तीनच देत होत्या. दोन भाकड, एक गाभण, एक वगार, म्हणजे म्हशीचं मादी वासरू. तात्या नेहमी सांगायचे की म्हशी शेणखतासाठी लागतात. मग शेणखत कुठं जातं? दरवर्षी ट्रॉली भरताना मी बघत आले होते. ते जातं मास्तरांच्या रानात. लोकाचं रान आहे, नीट ठेवलं नाही म्हणून कुणी बोट दाखवू नये, असा तात्यांचा बाणा. आमच्या खालच्या रानात किती वर्षांत शेणाची पाटी पडली नव्हती.

म्हणजे म्हशींसाठी मास्तरांचं रान आणि मास्तरांच्या रानासाठी म्हशी. दोघं एकमेकांना पोसत होते, आणि मधल्या वाटेवर आम्ही दोघं भारे वाहत होतो.

हे कळल्यावर मला आधी हसू आलं. मग थोड्या वेळानं आलं नाही.

तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "भिंतीवर रेघा मारून शेती होत न्हाय."

"मग येऊन बघा तरी."

"कसा येऊ? पाय टेकायचा न्हाय म्हणून सांगितलंय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी आनंदीचा नवरा आणि मी अशा दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून गोठ्यात नेलं. एक एक रकाना ते बोट लावून मोजत गेले. मास्तरांचा रकाना दोनदा मोजला. मला वाटलं आता चूक काढणार. पण त्यांनी विचारलं वेगळंच.

"एवढ्या खेपा? रोज?"

"व्हय."

"मी हिंडता-फिरता असताना बी?"

"तवा निम्म्या तुमच्या, निम्म्या माझ्या."

चाळीस वर्षं एका गोठ्यात काम करून आम्ही एकमेकांच्या खेपा कधी मोजल्या नव्हत्या. ते म्हणाले, "पर मास्तरास्नी काय सांगायचं? बापानं केल्यालं रान हाय ते. असं मधीच सोडलं तर काय वाटंल त्यास्नी?"

"सोयाबीन काढून झाल्यावर मी जातो आणि बोलतो," मी म्हटलं. ते नको म्हणाले नाहीत.

मास्तरांच्या घरी मी बुजतच गेले. सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, त्यांनी खुर्ची दिली, मास्तरीणबाईंनी चहा आणला, तात्यांच्या पायाची चौकशी झाली. वाटेत जुळवून ठेवलेली वाक्यं ऐनवेळी विसरले आणि एकदम म्हणून टाकलं, "मास्तर, तुमचं रान आता आमच्यानं होत न्हाय. परत घ्या."

मास्तरांनी कप खाली ठेवला. बाईंच्याकडं बघितलं. बाई हसू दाबत आत गेल्या.

"शालनवैनी," मास्तर म्हणाले, "माझा पुतण्या तिथं आंब्याची झाडं लावायची म्हणून सहा वर्षं माझ्या मागं लागलाय. सहा वर्षं. मी त्याला सांगतोय की तात्यांना कसं म्हणू, त्यांचा जीव आहे त्या रानावर."

तात्या मास्तरांच्या भिडेनं राबत होते आणि मास्तर तात्यांच्या भिडेनं गप्प होते. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा तात्यांनी वर आढ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "सहा वर्सं शेण टाकलं की गं मी तिथं." मग आमच्या घरात त्या पडण्यानंतर पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं हसलं, आणि ते तेच होते.

रान गेलं तशी वैरण गेली, आणि वैरण गेल्यावर म्हशी कमी करायला लागणारच होत्या. ह्यावर आमचं एकमत झालं होतं. किती ठेवायच्या आणि कुठल्या, ह्यावर नव्हतं. मी म्हणत होते दोन, ते म्हणत होते चार. दोन का, तर दोन म्हशींची धार आनंदीसुद्धा काढू शकेल, तिच्या हाताची त्यांना सवय लावता येईल. चार म्हशींसाठी रोज कुणी शेजारी येत नाही. शेवटी तिघींपर्यंत ते आले. रानी, काशी आणि चांदी.

चार म्हशी हेड्यानं नेल्या. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. तो येतो, म्हशीच्या पाठीवर थाप मारतो, कासेला हात लावून बघतो, शिंग धरतो आणि दहा मिनिटांत सौदा होतो. त्या गेल्या तेव्हा मला वाईट वाटलं, पण धंद्यात जनावर येतं आणि जातं. सांगायची आहे ती गोष्ट चांदीची.

चांदी आमच्या गोठ्यात जन्मलेली. आई वितानाच गेली म्हणून तात्यांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. तेव्हा ती गाभण होती आणि वयानं उतरलेली. तिला ठेवायचं हे ठरलेलंच होतं, आणि काशी विकून आपण दोनवर यावं असं माझ्या मनात चाललेलं.

आमच्या गावात दिलेल्या एका पोरीनं हे आईच्या कानावर घातलं आणि तिची आई, हिराबाई, काशीला बघायला आली. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका वाडीतली बाई, सत्तरीची, एकटी. तिनं पाठीवर थाप मारली नाही की कासेला हात लावला नाही. गोठ्यातल्या पोत्यावर बसली आणि म्हणाली, "मी आजचा दिस हितं बसतो. चालंल न्हवं?"

"बसा की. पर काशीचं दूध, खाणं काय ते मी सांगतो की तुम्हास्नी."

"ते तू सांगशीलच बाई. मला बघायचं हाय ती रुसती कुणावर."

असं गिऱ्हाईक मी जन्मात बघितलं नव्हतं. माझं काम टाकून मीही मधूनमधून तिच्याशेजारी बसायला लागले. दुपारपर्यंत तिनं मला माझ्याच म्हशींबद्दल तीन गोष्टी सांगितल्या. काशी डाव्या बाजूनं कुणी आलं की बिचकते. तिला डाव्या डोळ्यानं कमी दिसत असावं. रानी सगळ्यांच्या आधी खाते आणि मग दुसरीचं खाणं हुंगत बसते. आणि चांदी माणूस शेजारी बसलं की रवंथ थांबवून त्याच्याकडं बघते. चाळीस वर्षं गोठ्यात वावरून मला काशीच्या डोळ्याचं कळलं नव्हतं. मी लगेच उठून डाव्या बाजूनं हात हलवून बघितला. खरंच की.

संध्याकाळी हिराबाई उठली आणि चांदीच्या गळ्याला हात लावून म्हणाली, "काशी नगं. ही दे."

"ही द्यायची न्हाय. आमच्या मालकांचा जीव हाय हिच्यावर."

"हे बघ बाई. माझ्या हातात आता जोर न्हाय. बिचकणारी म्हस मला एक लाथ मारंल आणि मी उठणार न्हाय. ही मला सांभाळून घील. तुझ्याकडं काय ती तिघीतली एक. माझ्याकडं एकटीच असंल, अंगणात, दाराम्होरं."

तात्या त्या दिवशी रेखाबरोबर कोल्हापुरात दवाखान्यात गेले होते. फोन करता आला असता. हातात फोन होता. फोन केला तर ते नाही म्हणणार हे मला माहीत होतं आणि हिराबाईचं म्हणणं मला पटलं होतं. मी फोन केला नाही. चांदी दिली. टेम्पोत चढताना ती अडली नाही. हिराबाई पुढं बसली होती तिकडं बघत उभी राहिली.

अंधार पडायच्या सुमारास तात्या आले. रेखानं त्यांना धरून आणलं. ते काठी टेकत आधी गोठ्याकडं गेले, रोज जायचे तसे. तिथल्या रिकाम्या खुंट्याकडं त्यांनी बघितलं आणि काहीही न विचारता घरात येऊन निजले. पुढचे अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायचे, औषध घ्यायचे, ताट सारायचे.

बाराव्या दिवशी म्हणाले, "इचारायचं तरी व्हतंस."

"इचारलं असतं तर न्हाय म्हटला असता."

"व्हय. म्हटलो असतो," ते म्हणाले. "तरी इचारायचं व्हतंस."

चांदी योग्य घरी गेली हे मला ठाऊक आहे. ज्या माणसाचं काम मी रेघा मारून मोजत होते, त्याचं मन मी मोजलं नाही, हेही ठाऊक आहे. पुढं ती व्याली तेव्हा हिराबाईचा फोन आला, म्हणाली वगार झालीया पण पहिल्या दिवशी पान्हा सोडत नाही. तात्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि पाऊण तास ते तिला समजावत होते, की चांदीच्या उजव्या कानामागं खाजवायचं, आणि खाजवताना बोलायचं नाही, बोललेलं तिला आवडत नाही. त्या कानामागचं मला पहिल्यांदाच कळलं.

आता खालचं रान.

तिथला ऊस कैक वर्षं पिवळा पडत होता. ऊस पिवळा पडला की तात्या पाणी द्यायचे. अजून पिवळा पडला की अजून पाणी. जमिनीवर पांढरी खारी साय धरायला लागली होती, चालताना पायाखाली कुरकुर वाजायची. मला त्या रानाचं करायचं काय हे कळत नव्हतं म्हणून मी सुरेश कांबळेला बोलावलं. सुरेश आमच्याच गावातला. आसपासच्या गावांत जमिनीखालून निचऱ्याचे पाईप टाकायची कामं करतो. अशा पाईपांना बारीक भोकं असतात. जमिनीतलं जादा पाणी त्यात झिरपतं आणि ओढ्याला जाऊन मिळतं.

सुरेशनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकला आणि म्हणाला, "वैनी, एक खड्डा काढू आणि उद्यापातूर गप बसू."

"खड्ड्यात काय टाकायचं?"

"काय न्हाय. बघायचं नुसतं."

उसाच्या सरीत त्यानं कमरेएवढा खड्डा काढला. काढताना तो कोरडा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि काठी टेकत तात्या असे दोघं गेलो, तर खड्ड्यात पाणी. जमिनीपासून हातभर खाली चमकत होतं. भर उन्हाळा होता आणि चार दिवस आम्ही मोटर लावलेली नव्हती.

सुरेश आला. त्यानं उसाचं एक बेट मुळासकट उपटून तात्यांच्या हातात दिलं. मुळं काळी पडलेली, कुजका वास. "तात्या, तुमचा ऊस तहानलेला न्हाय," तो म्हणाला. "बुडालेला हाय. नाकातोंडात पाणी गेलंय त्याच्या, आणि तुमी अजून पाजाय लागलाय."

"मग पाईप टाकू," तात्या म्हणाले.

धंदा त्याचा पाईप टाकायचा, पण तो म्हणाला, "पैला पाणी बंद करा. ऊस काढा हितला. दोन वर्सं बघू. मग लागलीच तर पाईप."

मला वाटलं तात्या अडणार. ऊस नसलेलं रान म्हणजे आमच्याकडं रिकामं रान. पण त्यांचं लक्षच तिकडं नव्हतं. खड्ड्याच्या काठावर बसून पाण्याकडं बघत होते. जेवायला बोलावलं तरी आले नाहीत. संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, "तिकडं कडंला बी एक काढून बघाय पायजे. तिथं किती खाली हाय ते."

दुसऱ्या दिवशी दुसरा खड्डा. मग तिसरा. स्वतः वाकता येत नव्हतं म्हणून गडी लावून त्यांनी महिन्याभरात रानात नऊ खड्डे काढले. प्रत्येक खड्ड्यात एक वेळूची काठी उभी केली आणि रोज सकाळी ते काठी कुठवर भिजली हे बघून खूण करायचे. गावात बोलवा झाला की तात्या पाण्याची टाकी बांधतायत. कुणी विचारलं की ते मोठ्या गंभीरपणे सांगायचे, "पाणी कुठं ऱ्हातं ते बघतोय." भिंतीवरच्या रेघांना हसलेला माणूस तो हाच.

सगळं सरळ झालं असं नाही. ऊस निघाल्यावर मी हौसेनं त्या रानात हरभरा पेरला. उगवला, चार बोटं आला आणि पिवळा पडून बसला. सुरेश म्हणाला, "हरभऱ्याला खार सोसत न्हाय. मला इचारायचं न्हवं का?" विचारायचं राहतं, हा दोष माझ्यात आहेच. पुढल्या पावसाळ्यात हिरवळीच्या खताचा धैंचा टाकून गाडला, त्यावर भात लावला, गोठ्यातलं सगळं शेणखत तिथं ओतलं. भात बरा आला. हिवाळ्यात गहू केला, तो एका कोपऱ्यात चांगला आणि बाकी मध्यम. तात्यांच्या काठ्या आता बऱ्याच खालपर्यंत कोरड्या असतात. एक कोपरा अजून पांढरा पडतो. तिथं शेवटी सुरेशनं पाईप टाकला, पण त्या एका कोपऱ्यापुरताच.

वरच्या एक एकरात ऊस ठेवला. बांधाला भाजी, थोडा भुईमूग. काशी पुढं आम्ही आनंदीलाच दिली, म्हणजे ती आहे शेजारीच. तिचं दावं डाव्या भिंतीला बांधायला सांगितलंय, म्हणजे त्या अंगानं कुणी येणार नाही. त्यामुळं आमच्या गोठ्यात रानी आणि तिला पुढं झालेली वगार एवढ्या दोनच. रेखाला अजून वाटतं की आम्ही हेही सोडायला हवं. तिला मी म्हटलं, "पोरी, आता मला हे झेपतंय, आणि झेपतंय म्हणून आवडाय लागलंय. मला बघू तर दे हे हाय काय ते." पूर्वी रानात गेल्यावर मला रान दिसतच नव्हतं, पुढची खेप दिसायची. आता सरीत बसून गांडुळं मोजावीत एवढा वेळ मिळतो, आणि मी मोजते.

गेल्या हिवाळ्यात रेखाच्या सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला आम्ही दोघंही शिवाजी पेठेत गेलो आणि मुक्कामाला राहिलो. रेखाच्या लग्नानंतर पहिल्यांदा. रानीची धार आनंदीनं काढायची ठरलेली. महिनाभर आधी तिनं रोज येऊन सवय लावली होती.

पहाटे मला जाग आली. उठून बसले तर शेजारच्या अंथरुणावर तात्याही बसलेले.

"धारंची येळ झाली," ते म्हणाले.

"आनंदी काढंल."

"व्हय."

दोघं तसेच बसून राहिलो. घरातलं कुणी उठलेलं नव्हतं. खाली गल्लीत कुणीतरी झाडत होतं. जवळच्या तालमीचं दार करकरलं. लांब कुठंतरी भिंतीवर फुटबॉल आपटल्यासारखा आवाज येत होता, धप, धप, मधेच थांबायचा आणि परत सुरू व्हायचा.

"ह्या टायमाला शहरातली माणसं करत असत्यात काय?" तात्यांनी विचारलं.

"मला काय म्हाईत?"

त्यांनी टोपी शोधली. कुणाला जाग येऊ नये म्हणून आम्ही चपला हातात घेऊन जिना उतरलो आणि खाली उंबऱ्यावर बसून घातल्या. गल्ली नुकती उजाडत होती. तालमीच्या दारात एक जाडजूड म्हातारा लंगोटावर टॉवेल गुंडाळून उभा होता. पहाटेच्या पारी काठी टेकत चाललेला टोपीवाला खेडूत आणि त्याच्या मागं डोक्यावर पदर घेतलेली बाई बघून त्यानं हटकलं.

"काय पावणं, कुणीकडं?"

तात्या थांबले. खरंच कुणीकडं, ह्याचा त्यांनी जरा विचार केला असावा.

"कुणीकडंच न्हाय," ते म्हणाले, आणि आम्ही पुढं निघालो.